धनेशाचं मुंबईतलं घर

आमच्या परभणीकडे माळवदाचं घर एका दमात कोणी बांधत नसे. थोरल्याच्या लग्नाला दोन खण, धाकट्याच्या वेळी आणखी दोन. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातला निसर्ग-इतिहासाचा विभागही असाच वाढला. फक्त त्याचे पहिले खण पडले दारूच्या दुकानात.

1883 साली आठ निसर्गवेड्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात भरत. पण शिंगं, कातडी, अंडी असा पसारा जमवणाऱ्यांना बिऱ्हाड कोण देणार? फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्यानं आपल्या दुकानात खोली दिली. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, आणि बिऱ्हाड दारूच्या दुकानात! पण साप बाटलीत ठेवायला स्पिरिट लागतंच. शेजार तसा सोयीचा.

पुढे याच पेढीत विल्यम नावाचा राजधनेश 26 वर्षं पिंजऱ्यात नांदला. एकदा पेटता चिरूट गिळूनही तो ठणठणीत राहिला. 1920 मध्ये गेला तो तार गिळल्यामुळे, असं म्हणतात.

तिकडे संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणी 11 नोव्हेंबर 1905 रोजी इंग्लंडच्या युवराजानं केली होती. आराखडा जॉर्ज विटेटचा. घुमट गोवळकोंड्याच्या वळणाचा, आतल्या कमानी विजापूरच्या गोलघुमटासारख्या. निजामाच्या मुलखातल्या आमच्या वाडवडलांना तो परका वाटला नसता. दगड कुर्ल्याचा करडा बेसाल्ट, म्हणजे आमच्या काळ्या रानाखालच्या पाषाणाचाच भाऊबंद. जोडीला मालाडचा पिवळसर दगड. इमारत उभी राहिली आणि महायुद्धामुळे तिथे लष्करी दवाखाना आला. घरमालकाआधी भाडेकरूच राहून गेले म्हणायचे. संग्रहालयाचं दार उघडलं 10 जानेवारी 1922 ला.

मग सोसायटीच्या मदतीनं पशुपक्षी काचेआड आले. 2008 मध्ये पूर्वेकडच्या भागाचं नूतनीकरण झालं, तेव्हा संग्रहालयाला 30,000 चौरस फूट जागा आणखी मिळाली. जिवंत जनावराला शिवारातून हाकलायचं आणि पेंढा भरलेलं तिकीट काढून पाहायचं, हा आपला न्याय अजब खरा. पण पाहावं जरूर.

देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला उतरलात तर संग्रहालयाच्या शेजारी सोसायटीचं कार्यालयही बघा. त्याचं नाव हॉर्नबिल हाऊस. हॉर्नबिल म्हणजे आपला धनेश. दक्षिण मुंबईत स्वतःच्या नावाचं घर फार थोड्या परभणीकरांना जमलं. चिरूट गिळणाऱ्या पाखराला ते जमलं.