शाळेत पियानो शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

मुंबई-पुण्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत 'व्हिजिटिंग' पियानो शिक्षक म्हणून लागलात, अभिनंदन. पियानो वाजवता येणं ही या नोकरीतली दुय्यम अट आहे, हे आधी लक्षात घ्या. पियानो, विद्यार्थी आणि हॉलची किल्ली एकाच वेळी एका जागी आणणं हे खरं काम. त्यामानाने शॉपाँ सोपा.

किल्ली शिपाईमामांकडे असते आणि मामा बँकेत गेलेले असतात. तेव्हा ओळख वाढवायची ती मुख्याध्यापिकांशी नव्हे, मामांशी. त्यांच्या मुलीची दहावी, गावची जत्रा, गुडघा, सगळ्याची चौकशी करत चला.

हॉल उघडला की पियानो शोधा. क्रीडा स्पर्धांच्या ढाली आणि गॅदरिंगचे पडदे यांच्याखाली जे कपाट दिसतं, तोच. ढाली उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, पी.टी.चे सर नंतर जागा तपासतात. मग झाकण उघडून ८८ पट्ट्यांपैकी किती बोलतात ते पाहा. जुलैत हा आकडा घसरतो. दमट हवेने लाकूड फुगतं आणि दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. आतलं फेल्ट कसरीच्या आणि उंदरांच्या वाट्याला जातं. जुने लोक पियानोच्या पोटात खाली एक कमी वॅटचा बल्ब पेटता ठेवतात, ऊब राहावी म्हणून. तुम्हीही ठेवा, फक्त 'वीज वाचवा' मोहिमेतल्या मुलांना आधी गाठा, ती दर मधल्या सुट्टीत तो इमानेइतबारे बंद करतात. ट्यूनिंगसाठी अर्ज केलात तर 'गेल्याच वर्षी केले होते ना?' असा शेरा मारून तो परत येईल. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा आहेत आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो, हे मात्र ऑफिसात बोलू नका. घाबरून पियानो भंगारात काढतील.

आता विद्यार्थी. तो गणिताच्या तासातून यायचा असतो आणि गणिताच्या बाई सोडत नाहीत. म्हणून वेळापत्रक फिरतं ठेवा; एका आठवड्यात गणित बुडवा, पुढच्यात हिंदी. पी.टी.च्या तासाला हात लावू नका. तिथे सर सोडतात, मूल येत नाही.

सगळ्यात जपायचं ते आजोबांच्या पेटीवर वाढलेलं मूल. त्याचा उजवा हात तयार असतो आणि डावा हवेत भाता शोधत असतो. 'कुठल्या पट्टीत वाजवतोस?' असं विचारलंत की ते सहज 'काळी एक' म्हणतं. पाश्चात्त्य हिशेबाने हा सी शार्प मेजर, सात शार्पांचा. पहिल्याच दिवशी एवढं ओझं नको, गोड बोलून त्याला पांढरी एकवर आणा. एकदा ऐकलेली कुठलीही चाल हे मूल वाजवून दाखवतं, पण समोर नोटेशन ठेवलं की म्हणतं, 'सर, एकदाच वाजवून दाखवा ना.' दाखवू नका. दाखवलंत की वाचन संपलं. पुढच्या आठवड्यात ते कागदावर नजर रोखून अख्खा तुकडा बिनचूक वाजवेल, पानसुद्धा नेमक्या जागी उलटेल, आणि पुस्तक उलटं धरलंय हे तुमच्याच लक्षात यायला वेळ लागेल.

बाकीची मुलं जाता-येता बेटोव्हनच्या 'फ्यूर एलिझ'चे पहिले नऊ स्वर वाजवून पळतात. दहावा कुणालाच येत नाही.

पालकांना फक्त ग्रेड कळते. लंडनच्या एबीआरएसएमची परीक्षा दीडशे गुणांची. शंभरला पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन. मुलाला ११८ पडले की आई विचारते, 'रीचेकिंग असतं का हो?' घरी सराव कशावर होतो म्हणाल तर पलंगावर ठेवलेल्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर. पाचवीच्या पुढे ग्रेड द्यायची तर थिअरीचीही परीक्षा आधी द्यावी लागते, हे तुम्ही फॉर्म भरतेवेळी सांगता आणि ते प्रथमच ऐकतात. आणि इतकं सगळं जमून, मूल पाचव्या ग्रेडला येऊन, दोन्ही हातांनी खरोखर काहीतरी म्हणू लागलं की एप्रिलमध्ये निरोप येतो : 'सर, पुढचं दहावीचं वर्ष आहे.' यावर उपाय नाही. नवीन पाचवीतली मुलं घ्या.

गॅदरिंगला तुम्हीच वाजवायचं, हे गृहीत असतं. माइक गायकांपुढे असतो.

राहता राहिलं मानधन. ते तासावर मिळतं, म्हणजे झालेल्या तासावर. गणपती, सहामाही, दिवाळी, सहल आणि अख्खा मे यांत तास होत नाहीत. व्हाउचर खडू-फिनाइलच्या सोबत 'किरकोळ' खात्यात निघतं. सही करायला जाताना रेव्हेन्यू स्टॅम्प न्यायची गरज नाही. तो पाच हजारांच्या वरच्या रकमेला लागतो.