मयताला शंभर फूट

वेस्ट व्हर्जिनियात आजोबांच्या थडग्यावर फुलं वाहायची असतील तर काही ठिकाणी डोक्यावर हेल्मेट लागतं. पायात पोलादी टोकाचे बूट, सोबत खाणीचा माणूस, आणि आधी कळवून घेतलेली वेळ. कुठे कुठे सुरक्षेचे चार धडेही गिरवावे लागतात. आजोबा जन्मभर हेल्मेट घालून खाणीत उतरले. आता ते विश्रांती घेताहेत आणि त्यांना भेटायला येणाऱ्या नातसुनेला हेल्मेट. तेही बरोबरच म्हणा, आजोबा हल्ली खाणीच्या मधोमध राहतात.

ते तिथे गेले नाहीत, खाण त्यांच्याभोवती आली. अमेरिकेच्या 1977 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की दफनभूमीपासून शंभर फुटांच्या आत कोळशाची खुली खाण काढायची नाही. कायदा म्हणजे कायदा. म्हणून सुरुंग लावून डोंगराचा माथा उडवायचा, शेकडो फूट खाली उतरायचं, निघालेली दगडमाती शेजारच्या दरीत लोटायची, आणि आजोबा, आजी, दोन काका, तान्हेपणी गेलेली एक आत्या अशा मंडळींना शंभर फुटांचं कडं सोडून जागच्या जागी ठेवायचं. चहूबाजूंनी डोंगर गायब, मधे एक हिरवा ठिपका. पर्यावरण राखलं की नाही? राखलं, शंभर फूट राखलं.

जिवंत माणसाला तीनशे फूट आहेत, हे न्यायाने सांगायला हवं. राहत्या घराच्या तीनशे फुटांत खाण यायची नाही. पण जिवंतात एक खोट असते. तो सही करू शकतो. नळाला नारिंगी पाणी यायला लागलं, सुरुंगाच्या हादऱ्याने भिंतीला भेग गेली, पोराचा खोकला थांबेना, की तो एक दिवस कंपनीकडून येणाऱ्या कागदावर सही करतो आणि आपले तीनशे फूट सोडून देतो. मयताची सही मिळत नाही. त्याला रीतसर उचलून दुसरीकडे नेण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यात खटाटोप फार.

तेव्हा अ‍ॅपलेशिया या डोंगराळ मुलखाच्या खोऱ्यांतल्या चळवळ्या लोकांच्या ध्यानात आलं की आपल्या बाजूला सगळ्यात भक्कम माणसं कोण, तर गेलेली. मग सुरू झाली थडग्यांची शोधाशोध. खालची सपाट जमीन मक्याला हवी म्हणून जुने लोक आपल्या माणसांना वर, डोंगराच्या सोंडेवर पुरायचे. गरिबीत कसला संगमरवर? डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, नाव नाही, साल नाही. आता साठी-सत्तरीच्या बाया काठ्या टेकत त्या रानात चढतात, पाचोळा बाजूला करतात, दगडांचे फोटो काढतात, घरच्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानांवर पणजीने लिहून ठेवलेल्या मृत्यूच्या नोंदी धुंडाळतात आणि सगळं घेऊन खाणीच्या परवान्याच्या सुनावणीला हजर होतात. तिथे पलीकडचा साहेब फोटो निरखून म्हणतो, हा दगड आहे. बाई म्हणतात, हो, दगडच आहे, खाली माझी पणजी आहे. साहेब म्हणतो, पुरावा? पुराव्याचं म्हणाल तर आमच्याकडे भारतात पेन्शनरला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बोटाचा ठसा उमटला नाही तर माणूस उभ्या उभ्या संशयित मृत ठरतो, आणि घासून गुळगुळीत झालेला तो अंगठा घेऊन शेजारच्या खिडकीवर जातो. पण तिथे त्याच्याही पुढची पायरी आहे. तिथे शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या बाईने आपण मेल्याचं सिद्ध करायचं आहे. तेही नातीकरवी, तीन मिनिटांत, कारण सुनावणीत माणशी तेवढाच वेळ. आणि हे सगळं झाल्यावर बाहेर कोणीतरी म्हणतं की हे आंदोलक बाहेरचे आहेत. पाच पिढ्या त्या मातीत पुरल्या गेल्या, याहून आतलं कसं व्हायचं असतं?

ओढ्यांच्या वाट्याला तर प्रत्यक्षात तेवढंही येत नाही. ओढा पुरला तर त्याच्यापासून शंभर फूट कोणी मोजत नाही, कारण ज्याने पुरलं तोच भराव वर उभा असतो. 2011 पर्यंतचा सरकारी अंदाजच सुमारे दोन हजार मैलांचा आहे, म्हणजे 3200 किलोमीटर ओढे. पुण्याहून दिल्लीला जाऊन परत आलात तरी उरतील. एवढं पाणी गाडायचं तर नियम आडवा यायला हवा ना? आला होता. मग 2002 मध्ये ‘भराव’ कशाला म्हणायचं तेच बदललं आणि खाणीचा राडारोडा त्यात बसवला. चोरी वाढली म्हणून चोरीला खरेदी म्हणण्याचा हा प्रकार, आणि तो करताना कोणाचा हात थरथरला नाही. माथा पुन्हा साधारण होता तसा करून द्या असं तोच 1977 चा कायदा सांगतो, आणि लगेच पुढे सवलतही देतो की तिथे उद्योग, वस्ती, शेती असं काही जास्त उपयोगाचं करणार असाल तर सपाट राहू द्या. मग कागदावर उद्योग येतो, डोंगरावर गवत येतं. लोकांना विचाराल तर ते म्हणतात, आम्हाला सपाट जमीन नकोच होती हो, आम्हाला प्यायला पाणी हवं होतं.

आणि मयतांची बाजू नेहमी आपलीच असते, या भ्रमातही राहू नये. वेस्ट व्हर्जिनियातलाच ब्लेअर डोंगर बघा. 1921 मध्ये संघटनेच्या हक्कासाठी सुमारे दहा हजार खाणकामगार इथे बंदुका घेऊन लढले. 2009 च्या मार्चमध्ये या डोंगराची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली, म्हणजे खाणीला अडसर आला, आणि डिसेंबरात ती नोंद काढूनही टाकली, कारण निम्म्याहून अधिक जमीनमालकांची हरकत होती म्हणे. चळवळीच्या बाजूने ती यादी तपासली गेली तेव्हा हरकत घेणाऱ्यांत दोघे मृत निघाले. त्यातला एक जाऊन तीसेक वर्षं होत आली होती. त्यांच्याकडे कोणी पुरावा मागितला नाही, तीन मिनिटांची घंटाही वाजवली नाही. पुढे 2011 मध्ये शेकडो माणसं 1921 च्याच वाटेने पन्नास मैल चालत त्या डोंगरापर्यंत गेली, 2016 मध्ये न्यायालयाने नोंद काढणं चूक ठरवलं, आणि 2018 मध्ये ती परत मिळाली. नऊ वर्षं लागली. एवढ्या अवधीत त्या खोऱ्यांतली आणखी कितीतरी माणसं हरकत नोंदवायला पात्र झाली असतील.