तीन टोकांच्या चांदणीचं खूळ

अहो, चाललंय काय हे? बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे. 1942 साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं तो बांधला. म्हणजे डोक्यावरून यंत्रं घरघरत जायची सवय आपल्याला आजोबा-पणजोबांपासूनची. विमान उतरलं तरी रानात भांगलणाऱ्या बायका मान वर करत नाहीत. आणि गल्लीच्या तोंडाशी एक पांढरीशुभ्र मर्सिडीज येऊन थांबली, तर अख्खी गल्ली बाहेर? दूध उतू गेलं, पोरं साबण लावलेल्या अंगानं धावली, आणि गुडघ्यांपायी ज्याला देवळाची पायरी चढवत नाही तो म्हातारा बोनेटभोवती प्रदक्षिणा घालून मोकळा! ह्याला काय म्हणायचं?

आणि मालकाला पहिला प्रश्न कोणता? इंजिन कसलं, ताकद किती, असलं काही नाही. ‘कितीला पडली गा?’ बस्स. आकडा ऐकला की सगळ्यांनी एका सुरात ‘आं!’ करायचं, आणि मग ज्यानं त्यानं तो आकडा मनातल्या मनात गुंठ्यांत मोडायचा. कारण पैसा आला कुठून हे काय आपल्याला ठाऊक नाही होय? ऊस घालून मर्सिडीज येत नसते. उसाच्या बिलाची वाट बघून ज्याचे डोळे पांढरे झालेत, त्याला हे सांगायला नको. ती येते प्लॉट पाडून. खालचं रान गेलं आणि दारात चांदणी आली! शिव शिव.

पूजेचं तर विचारूच नका. शोरूममध्ये फीत कापली, केक कापला, हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली हातात घेऊन फोटो काढला, तेवढ्यानं भागलं का? छे! घरी आल्यावर चार चाकांखाली चार लिंबं. भटजींनी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट टेकवलं आणि मालकाचा जीव वरखाली. ‘भटजी, जरा हलक्या हातानं! नख नको लागायला.’ नारळ फोडायचा कुठं ह्यावर पाव तास खल. शेवटी तो वीस फुटांवर, शेजाऱ्याच्या पायरीवर फुटला. काकूंनी हौसेनं पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, ती नेमकी सेन्सरच्या समोर आली, आणि गाडी सुरू करायचा अवकाश, सत्तर लाखांचं धूड जागच्या जागी टूं टूं करून कोकलायला लागलं. गाडीलाच गाडीची दृष्ट लागली, असा निकाल गल्लीनं तिथल्या तिथं दिला.

वर ती बोलतेसुद्धा म्हणे. ‘हे मर्सिडीज’ म्हणून हाक मारायची आणि हुकूम सोडायचा. घरातल्या अण्णांनी मोठ्या ऐटीत हाक मारली, ‘हे मर्सिडीज, जरा गार कर की गे!’ गाडी गप्प. अण्णांनी आवाज चढवला. तरी गप्प. मग इंग्रजी शाळेतल्या नातवानं दोन शब्द टाकले आणि गार वाऱ्याचा झोत आला. घरात आधीच कुणी ऐकत नव्हतं, आता गाडीही ऐकत नाही. त्यासाठी एवढे पैसे मोजायचे?

आपल्याकडं निदान एकेक तरी येतात. 2010 च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी काय केलं ते आठवतंय का? आमच्या शहराला मागास म्हणता काय, थांबा, दाखवतोच म्हणून बिल्डर, डॉक्टर, कारखानदार असे सगळे एकत्र आले आणि एका दमात दीडशेच्या आसपास मर्सिडीज उचलल्या! सौदा सुमारे 65 कोटींचा. मंडईत कोथिंबीर घेताना एका जुडीवर एक फुकट मागणारे आपण, आणि इथं मर्सिडीजची घाऊक खरेदी! चाळीस कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेनं दिलं, तेही 7 टक्क्यांनी. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जाला ह्याहून कितीतरी चढा दर पडत होता, हे पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी लिहून चव्हाट्यावर आणलं. ज्यानं नांगरायचं त्याला व्याज जड आणि ज्यानं मिरवायचं त्याला हलकं! आपण पेपर वाचून कडाकडा बोटं मोडली. आणि बोटं मोडून झाल्यावर हळूच विचारलं, 7 टक्के बेळगावला मिळतात काय हो?

पण खोटं कशाला बोला, हे घाऊक खरेदीचं खूळ औरंगाबादेत जन्मलेलं नाही. खुद्द मर्सिडीज हे नाव असल्याच एका उताविळानं आणलं. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी, मुक्काम फ्रान्समधलं नीस. 1900 साली त्यानं डाइम्लर कंपनीकडं एकदम 36 गाड्या मागवल्या, साडेपाच लाख सोन्याचे मार्क मोजून. अट काय? इंजिनाला माझ्या पोरीचं नाव द्या. पोर दहा-अकरा वर्षांची, नाव मर्सेडेस. आपल्याकडं ट्रकच्या मागं सोनू, मोनू, पिंकी लिहितात तेव्हा आपण नाकं मुरडतो. आणि इथं जगातल्या एका बड्या कंपनीच्या कपाळावर एका बापानं लेकीचं नाव कोरून घेतलं, ते मात्र खानदानी! एवढ्यावर तरी थांबावं ना? 1903 साली ह्या गृहस्थानं स्वतःचंच आडनाव बदलून येलिनेक-मर्सेडेस करून घेतलं. गाडीवरून आडनाव लावणारा माणूस ऐकलाय का कुणी?

त्याच्याही मागं जा, तिथं तर आणखीच बहार. कार्ल बेंझ ह्यानं 29 जानेवारी 1886 रोजी मोटारगाडीचं पेटंट मागितलं. गाडी तीन चाकांची. तिच्यामागं पैसा कुणाचा? बायकोच्या हुंड्याचा. लग्नाआधीच बर्थानं आपल्या वाट्याचे पैसे उचलून त्याच्या धंद्यात घातले होते. गाडी तयार झाली, पण लोक फिरकेनात आणि नवरा काही ती घेऊन बाहेर पडेना. तेव्हा 1888 च्या ऑगस्टमध्ये ह्या बाईनं काय केलं असेल? पहाटे नवरा झोपेत असताना दोन पोरांना घेतलं आणि गाडी काढून थेट माहेर गाठलं! मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनं साफ केली. तारेचं आवरण झिजलं, तिथं मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तर वीस्लोखच्या औषधाच्या दुकानात शिरून डाग काढायचं द्रावण विकत घेतलं आणि टाकीत ओतलं. चढ आला की पोरांनी ढकलायचं. ब्रेक झिजले, तर मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. बघा! नवऱ्याला न सांगता माहेरी गेलेली सून म्हणजे जगातली पहिली लांबपल्ल्याची ड्रायव्हर. आणि आपण इथं, पोरगी स्कूटीवरून मुतग्याला एकटी गेली तर गल्लीभर चर्चा करतो.

चांदणीचंही तसंच. गोट्लीब डाइम्लरनं एका चित्रावर आपल्या घराच्या डोक्यावर चांदणी काढून बायकोला कळवलं होतं म्हणे. पोरांनी ते लक्षात ठेवलं आणि 1909 साली तीन टोकांची चांदणी नोंदवून घेतली. जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडं आमचंच इंजिन! 1926 साली डाइम्लर आणि बेंझ एक झाले. पुढं हिटलर ह्याच गाडीतून हात वर करून मिरवला, आणि युद्धाच्या काळात ह्यांच्या कारखान्यांत हजारो माणसं वेठीला धरून राबवली गेली. कंपनीनंच ते पुढं कबूल केलं. पण सीटचं कातडं खरं आहे का हे तीनदा चाचपून बघणारे आपण, हे कुठं विचारतो?

आता तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं खूळ, आपण आपले साधे ज्वारी-भात खाणारे. आपण साधे? 1954 साली टाटांच्या टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरात ट्रक काढायला सुरुवात केली. पंधरा वर्षं त्या ट्रकच्या नाकावर हीच तीन टोकांची चांदणी होती. 1969 साली करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचं इंग्रजी टी आलं. म्हणजे निपाणीच्या तंबाखूचे बोद ज्या ट्रकांतून गेले आणि तवंदी घाटात पहिल्या गिअरला कण्हत ज्यांनी महामार्ग अडवून धरला, त्यांतल्या कितीतरींच्या नाकावर मर्सिडीजची चांदणी होती! आपल्या आज्यांनी तिच्यावर शेणी वाळत घातल्या असतील, कुणाला पत्ता? क्लीनर तिला फडक्यानं पुसायचा आणि तेच फडकं खांद्यावर टाकून चहा प्यायचा. तेव्हा कुणी प्रदक्षिणा घातली नाही ती नाहीच.

आणि कोल्हापूर काय लांब आहे? राजाराम महाराजांची 1936 सालची मायबाख, तीही जर्मनच, आणि मायबाख आज मर्सिडीजच्याच घरात नांदते. दसऱ्याला छत्रपती त्या गाडीतून दसरा चौकात येतात. निपाणीहून माणसं सोनं लुटायला म्हणून जातात आणि गाडी बघून येतात. परत आल्यावर विचारा, आपट्याची पानं किती आणली? पानं नाहीत, मोबाइलमध्ये फोटो चाळीस.

मोटारींच्या बाबतीत सुरुवातीला आपण जरा ताठ राहिलो होतो, हे नमूद करायला हवं. 1995 साली पिंपरीत पहिली ई-क्लास तयार झाली, तेव्हा ती म्हणावी तशी खपली नाही. युरोपात त्याच साली नवं मॉडेल आलं आणि आपल्याला मिळालं जुनं. शिळी भाकरी चांदीच्या ताटात वाढली म्हणून मराठी माणूस खाईल होय? पण हा ताठा किती दिवस टिकणार? 2009 साली चाकणला मोठा कारखाना निघाला. 2024 साली देशात 19,565 मर्सिडीज विकल्या गेल्या. आता कुणी म्हणालं, ‘आमच्या जावयानं घेतली’, तर पुढचा प्रश्न येतो, ‘कुठली? लहान का मोठी?’ लहान म्हणे! लहान मर्सिडीज घेणाऱ्याची कीव करण्यापर्यंत आपली मजल गेली आहे.

पण खरी करमणूक सेकंडहँडवाल्यांची. मुंबईतल्या शेठजींनी आठ वर्षं वापरून कंटाळून टाकलेली जर्मन गाडी नव्या स्विफ्टच्या भावात मिळते, हा साक्षात्कार आपल्याकडं झाला आणि जो तो मुंबईकडं पळाला. असाच एक भला माणूस, उद्यमबागेत ओतकामाच्या धंद्यात आयुष्य काढलेला, लोखंड कानाशी धरून आतला दोष सांगणारा. तो एक गाडी घेऊन आला. कंपनी कुठली ते सांगणार नाही, मालक वाचतो हे. परत येताना तवंदी घाटात चाक बसलं. डिकी उघडतो तर काय? स्टेपनीच नाही! आत एक पंप आणि एक बाटली. पंक्चरवाल्यानं चाकाभोवती तीन वेळा फिरून विचारलं, ‘सायेब, चोरीला गेली काय हो?’ कंपनीनं दिलीच नाही, हे त्याला पटेना. एवढ्या महाग गाडीला पाचवं चाक देत नाहीत, म्हणजे नक्की मधल्यामधे कुणीतरी खाल्लं असणार, असं त्यानं जमलेल्या माणसांना समजावून सांगितलं. तिथून पुढं ते चाक, मग सस्पेन्शन, मग कसलासा लहानसा डबा, ज्याच्या किमतीत एक दुभती म्हैस आली असती. पण मालकाच्या तोंडून एक अक्षर उलटं निघेल? ‘गाडी मात्र रस्त्याला चिकटून चालते हं!’ चिकटणारच की. बाहेरच्या रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला पोट घासतं तिचं.

त्यात नंबरप्लेटचं महाभारत. गाडीवर एमएच, मालक सीमाभागातला. बाहेरच्या राज्यातली गाडी वर्षाहून जास्त ठेवली की कर्नाटकचा आजीवन कर भरावा लागतो, आणि महाग गाड्यांवर हा कर देशातल्या जडातल्या जड करांपैकी. मग काय, कालपर्यंत सीमाप्रश्नाचं नाव काढलं की जांभई देणारा माणूस एका रात्रीत कडवा झाला. ‘एमएच काढणार नाही! अस्मितेचा प्रश्न आहे!’ अस्मिता? सरळ सांग की, लाखालाखाचा प्रश्न आहे. तपासणी दिसली की अस्मिता बाळेकुंद्रीच्या आडरस्त्यानं घरी जाते.

हसताय? हसा. आणि हसत हसत आपला मोबाइल जरा समोर ठेवा पाहू. फोटोत गॉगल लावून, दुसऱ्याच्याच बोनेटला टेकून उभे आहात ते कोण? ओम्नीच्या मागच्या काचेवर चांदणीचं स्टिकर कुणी लावलं? किराणा दुकानाच्या किल्लीला मर्सिडीजची किचेन कुठून आली? नाकं मुरडणाऱ्या वहिनींनी भिशीच्या बायकांना घेऊन ‘नुसती बसून बघूया’ म्हणत शोरूममध्ये दोन वेळा कॉफी घेतली, हे काय लपून राहिलं? आणि सगळ्यात मोठे विरक्त ते आपले गुरुजी. भोगवादावर तासभर बोलले आणि घरी जाताना विचारत होते, ‘एअरपोर्टपर्यंत सोडाल का हो, तुमच्या त्या ह्यातून?’ गुरुजींचं घर एअरपोर्टच्या अलीकडं आहे.

आता लग्नसराईची नवीच टूम. नवरदेवाला घोडा नको, बग्गी नको, मर्सिडीज पाहिजे. विकत नाही हो, तासाच्या भाड्यानं. तासाला दर, वर डिझेल, वर ड्रायव्हरचा आहेर, आणि फुलं चिकटपट्टीनं लावायची नाहीत असा दम. तुळशीचं लग्न झालं की गल्लीत तीन वराती आहेत, तिन्हींचा मुहूर्त गोरज, आणि सगळ्यांनी बयाणा दिलेली गाडी एकच. भावकीत बोलणं बंद झालंय. तिकडच्यांनी हळदीची बोलावणी थांबवली, इकडच्यांनी आचारी पळवला. आपण कुणाच्या बाजूचे, असं परवा स्पष्टच विचारलं एकानं. आता ह्यात बाजू कसली घ्यायची? वरातीत ज्याच्या मागच्या सीटवर जागा मिळेल, त्याच्याकडं जेवायला जायचं.