पावणेतीन

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना नाव आहे, आडनाव आहे, सोसायटीची खजिनदारकीसुद्धा आहे; पण अख्खा जिना त्यांना 'ऐकबाबा' म्हणतो. सकाळी साडेसहाला त्यांच्या दारातून पहिला "ऐक!" बाहेर पडतो. मग "ऐकतोयस ना?" आणि सातच्या सुमारास "कान आहेत की भोकं?"

हा प्रश्न ज्यांना असतो ते चिरंजीव साडेपाच वर्षांचे आहेत. त्यांचे कान भलतेच तिखट. स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला, तर ते गच्चीवरून खाली येतात. ऐकू येत नाही ते फक्त वडिलांचं.

यात वडिलांच्या आवाजाचा दोष नाही. तो स्टेशनपर्यंत जात असावा. पण बाबा आंघोळीला जाता जाता, पाठमोरे, टीव्ही चालू असताना, एका दमात सांगतात, "चपला जागेवर ठेव, हात धू, डबा काढ, डायरी दाखव आणि पंखा बंद कर!" चिरंजीवांच्या डोक्यात यातलं शेवटचं तेवढं उरतं. ते इमानदारीत पंखा बंद करतात. भर उकाड्यात, घामाघूम बाबा ओरडतात, "हा मुलगा काही म्हणून ऐकत नाही!"

मग ब्रह्मास्त्र निघतं. "मी तीनपर्यंत मोजणार. एक... दोन..." आता तीन म्हटलं तर पुढे काय करायचं, हे बाबांनी ठरवलेलं नसतं. हात उगारायचा नाही, असं त्यांचं तत्त्व आहे. ते चांगलंच आहे, पण त्यामुळे तीन जवळ आला की त्यांचीच तंतरते. "सव्वादोन... अडीच... अरे, अडीच झाले हं... पावणेतीन!" पावणेतीनला फोन वाजतो, दूध उतू जातं, नाहीतर लोकल गाठायची वेळ होते.

शाळेतल्या बाईंनी एकदा वर्गात आकडे म्हणायला लावले. चिरंजीव खणखणीत आवाजात म्हणाले, "एक, दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन." बाई म्हणाल्या, "आणि मग?" चिरंजीव म्हणाले, "मग बाबा ऑफिसला जातात."

डायरीत शेरा आला, 'सूचना ऐकत नाही. पालकांनी भेटावे.' बाबा भेटले. बाईंनी त्यांना गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या मास्तरांची गोष्ट सांगितली. ते मास्तर पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि पोरं नुसता गोंधळ घालतात. दुसऱ्या दिवशी मास्तर गोष्ट सांगायला लागतात, तर तीच पोरं चिडीचूप. "म्हणजे बघा," बाई म्हणाल्या, "मुलांना ऐकायला आवडतं. आपण ऐकण्यासारखं बोलायला हवं. एका वेळी एकच गोष्ट, जवळ जाऊन, त्याच्याकडे बघून. आणि त्याचंही ऐकायचं." बाबांनी मोबाइलमधून मान वर केली. "सॉरी, काय म्हणालात?"

घरात आजी आहेत. त्यांनी गिजुभाई वाचलेले नाहीत. त्या "ऐक" हा शब्द वापरतच नाहीत. गुडघे धरून नातवाशेजारी बसतात आणि हळूच विचारतात, "तुझ्या चपला कुठे झोपतात रे?" नातू चपला उचलतो, कोपऱ्यात नेऊन निजवतो. आजी नुसतं "शहाणा गं बाई!" म्हणून सोडून देत नाहीत, "जोडीनं ठेवल्यास की!" म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाबांच्या चपलाही जोडीनं निजलेल्या असतात. बाबा म्हणतात, "आजीचं ऐकतो, कारण ती लाडावून ठेवते."

परवा रविवारी मी त्यांच्याकडे वर्गणीची पावती घ्यायला गेलो होतो. चिरंजीव बाबांच्या गुडघ्याला लागून उभे. "बाबा, ऐक ना. शाळेत ना, एक मांजर आलं होतं." बाबा मोबाइलमध्ये. "हं." "बाबा, ते बाईंच्या खुर्चीवर बसलं." "हं हं." "बाबा!" "अरे, हो."

चिरंजीवांनी कमरेवर हात ठेवले. "एक... दोन... सव्वादोन... अडीच..."

पावणेतीनला बाबांनी मोबाइल खाली ठेवला. मांजराची गोष्ट पुरती वीस मिनिटं चालली. माझी पावती राहिली ती राहिलीच. पण तीन हा आकडा त्या घरात अजून कुणी ऐकलेला नाही.