सूर्य अपात्र

परवा सूर्यनारायण एका सरकारी खिडकीसमोर रांगेत उभे होते. काम साधंच. मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजल्यावर जायचं होतं.

"नाव?"

"सूर्य कश्यप."

"राहणार?"

"पूर्व."

"एम पूर्व वॉर्ड?"

"नुसतं पूर्व."

"1 जानेवारी 2000 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा?"

त्यापूर्वीचे पुरावे ढीगभर होते, साक्षांकित प्रत एकाचीही नव्हती. अपात्र.

पात्र ठरले असते तरी शिरणार कुठून म्हणा! प्रकल्पांसाठी झोपड्या हटवल्या, त्या माणसांना इथे 225 चौरस फुटांची घरं मिळाली. इमारती सात मजली आणि दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची फट. त्या फटीत वरून कचरा पडतो, म्हणून खालच्यांची खिडकी कायम बंद. सकाळी अकरा वाजता ट्यूबलाइट. देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला टीबीच्या गोळ्यांची पिशवी, सहा महिन्यांचा कोर्स. गोळी घेतली की लघवी नारंगी होते. सूर्योदयाचा रंग म्हणून या घरात दिसतो तो तेवढाच.

प्लेगनंतर, 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच्या ऑर नावाच्या साहेबाने कोनमापक घेऊन हिशेब मांडला होता: साडेत्रेसष्ट अंशांतून उजेड खोलीत यायला हवा, म्हणजे इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी जागा समोर मोकळी हवी. या हिशेबाने सात मजल्यांपुढे दहा मीटर तरी सोडावे लागतील. पण गोऱ्या साहेबाचं किती दिवस ऐकायचं? आपण स्वतंत्र झालो आणि पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेत सवलत दिली.

2018 मध्ये डॉक्टरांच्या एका संस्थेने इथे घरोघर फिरून पाहणी केली. उजेड-वारा कमी तिथे टीबी जास्त, आणि वरच्यापेक्षा खालच्या मजल्यांवर जास्त, असं निघालं. हे आजीलाही ठाऊक होतं, पण आजीचा अहवाल कुणी मागवत नाही.

सरकार गप्प बसलं असं मात्र नाही. 2025 पर्यंत देश टीबीमुक्त करायचं ठरलं होतं. दरमहा 500 रुपये पोषणाला मिळायचे, ते पुढे 1,000 झाले. रोग्याला दत्तक घेणारे 'निक्षय मित्र' आले, पोषणाच्या टोपल्या आल्या, टोपलीसोबत फोटो आले. गोळ्या चांगल्या आहेत, फुकट आहेत, वेळेवर घेतल्या तर माणूस बरा होतो. बरा होऊन तो त्याच खोलीत परततो, हा भाग फोटोत येत नाही.

"आमच्या चंद्रालाही राजयक्ष्मा झाला होता," सूर्यनारायण काकुळतीने म्हणाले. "बरा झाला. उघड्यावर राहतो ना."

"उघड्यावर? म्हणजे अतिक्रमण," कारकुनाने नोंद केली. मग त्यालाच दया आली. "अहो, इथे कशाला खेटे घालता? वरळीला समुद्राकडे तोंड असलेल्या टॉवरमध्ये जा. तिथे तुमच्यासाठी लोक चौरस फुटाला जास्तीचा भाव मोजतात."

"तिथे रोज जातो हो," सूर्यनारायण म्हणाले. "ते पडदे ओढून एसी लावतात."