गावठी बियाण्याच्या इच्छुकांसाठी सूचना

गावठी बियाणे मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे बियाण्याच्या दुकानात जाऊन ते मागणे आणि "आता तसलं कोण ठेवतो, साहेब?" हे ऐकून घेणे. ही पायरी कुणीही गाळू नये. रिकाम्या हाताने परतायला नको म्हणून इच्छुक ब्रोकोली, लेट्यूस आणि चेरी टोमॅटो अशी तीन पाकिटे घेऊन येतो, मृगाच्या मुहूर्तावर ती कोकणातल्या परड्यात पेरतो आणि जुलैत गोगलगायींना जेवू घालतो. एवढे पुण्य पदरी पडल्यावरच तो पुढच्या सूचनांना पात्र ठरतो.

दुसरी पायरी पाकीट वाचण्याची. पुढचे चित्र पाहू नये. ते छापखान्यात पिकलेले असते. मागे बारीक अक्षरात लॉट क्रमांक, किमान उगवणशक्ती, तपासणीची तारीख आणि वापराची मुदत असते. प्रमाणित बियाण्याची मुदत तपासणीपासून 9 महिने धरतात. आतले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे निघाले तर ती निसर्गाची किमया नव्हे, त्याला बुरशीनाशक चोळलेले आहे. हात धुवावेत आणि उरलेले बी कोंबड्यांना टाकू नये. कोपऱ्यात 'एफ-1' असे असेल तर वाण संकरित आहे. त्याच्या फळाचे बी धरून पुढल्या वर्षी पेरले तर एक वेल आजोबांवर जातो, दुसरा मामावर, आणि तिसरा कुणावर गेला ते कळतच नाही.

संकरित वाणाला शिव्या घालण्याची गावठीवाल्यांत प्रथा आहे. ती पाळण्याचे कारण नाही. एका हंगामात भरपूर माल हवा असेल तर संकरित बी आपले काम चोख करते. प्रश्न दुसऱ्या हंगामाचा आहे. ज्यांना बी धरायचे आहे पण गावोगाव हिंडायचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी मधली वाट आहे ती कृषी विद्यापीठांच्या सुधारित, पण संकरित नसलेल्या वाणांची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे 'कोकण तारा' हे कारले त्यातलेच. अट्टल इच्छुक मात्र या वाटेकडे तुच्छतेने पाहतात, कारण तिथे पावती मिळते.

आता थोडे शास्त्र. हवामान मानवणे म्हणजे नुसते उन्हात तगणे नव्हे. टोमॅटोला रात्रीचा थोडा गारवा लागतो. रात्रीचे तापमान सतत 24 अंशांच्या वर राहिले की फुले गळतात आणि झाड फक्त पानांनी डवरते. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यातल्या रात्री कशा असतात हे तिथे झोपलेल्याला सांगायला नको. कांद्याचे तर घड्याळच वेगळे. युरोपातल्या उन्हाळी जातींना गड्डा धरायला 14 तासांहून मोठा दिवस लागतो, आणि मुंबईचा वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो. ते बी इथे लावले तर पात मिळते, कांदा मिळत नाही. अलिबागचा पांढरा कांदा मात्र हिवाळ्यातल्या छोट्या दिवसांत गुपचूप पोसतो आणि माळेत गुंफला जातो.

वालाचे गणित युरोपातल्या कांद्याच्या उलट. मांडवावर चढणारा जुना गावठी वाल मृगात पेरला तरी पावसाळाभर नुसता पसरत राहतो आणि दिवस लहान व्हायला लागले की फुलतो. नवशिका इच्छुक सप्टेंबरमध्ये त्याला वांझ ठरवून उपटतो. घरातली म्हातारी त्याला दिवाळीपर्यंत हात लावू देत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाची अडचण इथेच आहे. आजोळचा वाल तो हौसेने मेमध्ये लावतो, वेल पंधरा तासांच्या दिवसांत गॅरेजवर चढतो, शरदात कळ्या धरू लागतो, आणि शेंगा भरायच्या आत हिमाचा दिवस येतो.

तिकडून इकडे येणाऱ्या बियांचीही वाट मोकळी नाही. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र नसलेले बी भारतात आणता येत नाही. त्यामुळे काकांनी बॅगेत लपवून आणलेले जांभळ्या टोमॅटोचे बी हे कौतुकाचे नव्हे, नियमभंगाचे प्रकरण आहे. काकांना चॉकलेट आणायला सांगावे.

या टप्प्यावर इच्छुकाला शुद्धतेचा झटका येतो. परड्यात फक्त 'अस्सल आपले' लावायचे, असा निश्चय तो जाहीर करतो. त्याला शांतपणे सांगावे की मिरची, टोमॅटो आणि लाल भोपळा अमेरिका खंडातून आले, चवळी आफ्रिकेतली, आणि वांगे-काकडी तेवढी आपल्या भागातली. महाराष्ट्रात माणसाला अधिवासाचा दाखला मिळवायला 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या मिरचीचे वास्तव्य सुमारे पाच शतकांचे आहे. काणकोणातल्या खोला मिरचीला आणि पेडण्याच्या हरमल मिरचीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फ्लॉवरचे उदाहरण आणखी बोलके. 1822 मध्ये तो इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आला. मैदानी उष्म्यात ज्या थोड्या झाडांनी बी धरले, त्यांचेच बी लोक पिढ्यानुपिढ्या पेरत राहिले आणि त्यातून उष्णता सोसणारा देशी फ्लॉवर तयार झाला. त्यामुळे गावठीपण जन्मावर नाही, मुक्कामावर ठरते.

मुख्य विधी बाजारात होतो. त्यासाठी आठवडे बाजाराचा दिवस धरावा: म्हापशाचा शुक्रवार किंवा सावंतवाडीचा मंगळवार. मोठ्या गाळ्यांकडे वळू नये. कडेला गोणपाटावर चार वाटे, दोन पडवळे आणि एक वाकडे वांगे घेऊन बसलेली बाई शोधावी. सगळी भेंडी एका मापाची असेल तर पुढे सरकावे. भेंड्याला पाचाऐवजी सात शिरा दिसल्या तर थांबावे. गोव्यातला 'सात शिरो भेणो' तोच, आणि लांबीला तो असा की पिशवीत उभा राहतो. आगशीची वांगी दिसली तर नशीब जोरावर आहे असे समजावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत आणि आंबट जमिनीत वांग्याला जिवाणूजन्य मर फार लागते. परक्या वाणांचे भरले झाड दोन दिवसांत माना टाकते. त्या मातीत पिढ्यान्पिढ्या टिकलेल्या वाणाची किंमत एक रोप वाळल्यावर कळते.

संभाषणाची शिस्त कडक आहे. आल्याआल्या बी मागणाऱ्याला बी मिळत नाही. आधी भाजी घ्यावी, घासाघीस करू नये, आणि ती कशी करायची हे विचारावे. कृती ऐकताना मध्ये बोलू नये, स्वतःची आई कशी करते हे तर मुळीच सांगू नये. मग सहज सुचल्यासारखे विचारावे, "मावशे, ह्येचा बियाणा गावतला काय?" उत्तर बहुधा येते, "आत्ता खंय? ता पिकाक व्हया. दिवाळेक ये."

हा नकार नाही, तारीख आहे. बहुतेक इच्छुक इथेच गळतात. जे दिवाळीला खरोखर जातात, त्यांना वर्तमानपत्राच्या पुडीत बी मिळते, आणि त्या बियाची पाच पिढ्यांची माहिती फुकट मिळते. ही देवघेव कायद्यात बसते का, अशी शंका वकील नातेवाईक काढतात. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखायचा, पेरायचा, बदलायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही, इतकेच. वर्तमानपत्राच्या पुडीला अजून कुणी ब्रँड म्हटलेले नाही.

ज्यांना बाजार मानवत नाही त्यांनी अकोले गाठावे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढता बियांची बँक उभी करून बसल्या आणि 2020 ची पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली. अकोले आणि अकोला यांत गल्लत करू नये. अकोल्यालाही बियांचे केंद्र आहे, पण ते राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोचे. या ब्युरोच्या दिल्लीतल्या जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने उणे 18 अंशांत निजलेले आहेत. ते संशोधनासाठी असतात, "बाल्कनीतल्या कुंडीत काय लावू?" हा प्रश्न घेऊन त्यांची झोपमोड करू नये.

बी हाती आल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. सात उगवल्या तर उगवण सत्तर टक्के. हे गणित प्रयोगशाळेतही असेच करतात, फक्त बिया जास्त घेतात आणि टाय बांधतात.

खरी कसोटी बी राखण्यात आहे. वाल, चवळी, टोमॅटो ही घरकोंबडी पिके; परागीभवन घरच्या घरी उरकतात. वांगे, मिरची, भेंडी अधूनमधून बाहेर बघतात. भोपळा आणि काकडी पूर्णपणे मधमाश्यांच्या हवाली. भोपळ्याचा वाण राखायचा तर उद्या उमलणारी नर आणि मादी फुले संध्याकाळीच दोऱ्याने बांधावीत, सकाळी नराचे केसर मादीला लावून तिला पुन्हा बांधावे, आणि शेजारी बघत असतील तर काय चालले आहे ते समजावत बसू नये. मक्याचे बी दोन-चार ताटांवरून कधीही धरू नये. दोनतीन पिढ्यांत कणसे खुरटतात. दुधी चाखून कडू लागला तर भाजीलाही घेऊ नये आणि बियालाही ठेवू नये. त्यातला कडवटपणा विषारी असू शकतो.

बियाचे फळ सर्वांत चांगले निवडायचे असते, उरलेले नव्हे. म्हणजे वेलावरची सगळ्यात देखणी काकडी कुणीही खायची नाही. तिला चिंधी बांधावी आणि घरच्यांना, पाहुण्यांना व वानरांना तसे बजावावे. यातल्या निदान दोन वर्गांवर परिणाम होत नाही. तवसे पिवळेजर्द झाले की आढ्याला टांगावे, दुधी आत बिया खुळखुळेपर्यंत वेलावर राहू द्यावा, मक्याची कणसे चुलीवर धुरात लटकवावीत. वालाचे बी राखेत घोळवून मडक्यात भरावे. यामागचा हिशेब साधा आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. कोकणच्या जुलैत बी उघड्या डब्यात ठेवणे म्हणजे ते भिजत घालणेच. चूल नसलेल्यांनी घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्यावी आणि तळाशी कोरडे भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवावी.

सामूहिक बीज बँकांत नेलेल्या बियाच्या दुप्पट बी परत द्यायची रीत असते. घरगुती इच्छुकाने एवढा हिशेब ठेवायची गरज नाही, पण पहिल्याच हंगामात निदान दोन घरी मूठमूठ बी देऊन यावे, आणि ती घरे वेगवेगळ्या वाडीतली निवडावीत. वानरांची टोळी एका दिवसात एकच वाडी उरकते.