हिरव्या ठिपक्यास अनावृत पत्र

रा. रा. ठिपकेसाहेब,
मुक्काम : प्रत्येक नोकरदाराच्या फोटोचा कोपरा

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण हिरवे असलात की मी कामात असतो आणि करडे झालात की कामचुकार ठरतो. हा न्याय आम्ही निमूटपणे मान्य केला आहे. ऑफिसातल्या गप्पांच्या स्लॅक या ॲपवर संगणकाला १० मिनिटे हात लागला नाही की आपण मावळता. म्हणून कागदावर एखादा किचकट हिशेब जुळवतानाही दुसऱ्या हाताने माउस हलवत राहण्याची कला आम्ही साधली आहे. नुसता विचार करणे आपल्या दरबारी रुजू होत नाही. ज्यांना तेवढेही कष्ट नकोत, त्यांच्यासाठी आपोआप माउस हलवणारी यंत्रे मिळतात. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये कीबोर्ड चालू असल्याचा बनाव केल्याच्या आरोपावरून डझनभराहून अधिक जणांना घरी पाठवले. आपली इतकी मनोभावे सेवा करणाऱ्यांवर असा प्रसंग यावा, याचे वाईट वाटते.

आपले घराणे मात्र रंजक. स्टुअर्ट बटरफिल्ड यांच्या कंपनीचा 'ग्लिच' हा ऑनलाइन खेळ २०१२ मध्ये बंद पडला. टीमने आपसांत बोलण्यासाठी बनवलेले साधन तेवढे उरले, आणि तेच २०१४ मध्ये स्लॅक म्हणून बाजारात आले. खेळ बुडाला, गप्पा तरल्या. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये टीम्स जाहीर केले, तेव्हा स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर खुले पत्र छापून प्रतिस्पर्ध्याचे स्वागत केले होते. तेव्हा या पत्राचाही राग मानू नये.

आपल्या ॲपचे उपकार मी नाकारत नाही. रात्री सर्व्हर कोसळतो तेव्हा हिंजवडीतला डेव्हलपर, बंगळूरचा डेटाबेसवाला आणि न्यू जर्सीतला क्लायंट एकाच चॅनेलवर जमतात. कोणी काय पाहिले, कोणी काय बदलले, सगळे वेळेसकट नोंदले जाते. दुसऱ्या दिवशी 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणायची सोय उरत नाही. ईमेलच्या साखळीतून एखाद्याचे नाव गळले की तो बिचारा पुढे कायम अंधारात. इथे नवी रुजू झालेली मुलगी कोणाच्या मागे न फिरता जुने बोलणे शोधून वाचू शकते. हा एकच गुण आपले बाकीचे अपराध पोटात घालायला पुरेसा होता.

होता, म्हणतो मी. कारण उघड्या चॅनेलवर आम्ही वाढदिवस साजरे करतो आणि निर्णय डीएममध्ये, म्हणजे खासगी निरोपांत, घेतो. चारचौघांत बावळट प्रश्न विचारला तर अप्रेझलच्या वेळी आठवण निघेल, या भीतीने ज्युनिअर खासगीत विचारतो. सीनिअर खासगीतच उत्तर देतो. पुढच्या आठवड्यात दुसरा ज्युनिअर तेच विचारतो, तेही खासगीत. मग 'पेमेंट गेटवे का बदलला' असे शोधले की हाती लागतात केकचे फोटो, टाळ्यांचे इमोजी आणि 'यावर कॉलवर बोलू'. फुकटात वापरणाऱ्या छोट्या कंपन्या एका परीने सुखी. त्यांना स्लॅक ९० दिवसांपूर्वीचे काही दाखवतच नाही.

शिवाय ते 'हाय'. नुसते 'हाय', पुढे काही नाही. समोरचा टाइप करत असल्याची खूण दिसते, थांबते, पुन्हा दिसते, आणि मी हातातले काम सोडून तिच्याकडे बघत बसतो. आपण हिरवे, त्यामुळे 'दिसलं नाही' असेही म्हणता येत नाही. वरिष्ठ मंडळी तर रात्री पावणेअकराला चॅनेलवरच्या सगळ्यांना टॅग करतात आणि खाली लिहितात, 'नो रश'.

फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडले, २०२५ मध्ये पुन्हा मांडले. कायदा झालेला नाही. तोवर गाऱ्हाणे आपल्याकडेच. कामाचे बोलणे उघड्या चॅनेलवर करण्याची बुद्धी आमच्या साहेबांना द्या, 'हाय'च्या पुढचे वाक्य त्याच निरोपात लिहायला लावा, आणि संध्याकाळी सातनंतर कृपा करून स्वतःहून मावळा.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी करावा, ही विनंती.

आपला सदैव उपलब्ध,
एक कर्मचारी